पाकिटातलं इथर खरं की सरावाचं?

(परभणीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सारखंच दिसणारं खरं आणि सरावाचं डिजिटल नाणं ओळखायचं कसं, हा आजचा विषय. आपल्या पणजोबांना तो लगेच कळला असता. निजामाच्या राज्यात हाली रुपया चालायचा, बार्शी-सोलापूरकडे कलदार. दोन्ही रुपयेच. पण १९५० मध्ये सात हाली रुपये दिले तर सहा कलदार यायचे. म्हणून सौदा ठरवताना हाली की कलदार, हे आधी विचारायचं. फरक इतकाच, की हालीला किंमत होती. टेस्टनेटच्या, म्हणजे सरावाच्या जाळ्यावरच्या, नाण्याला ती नसते, नसावी अशीच योजना असते.

इथेरियम ही एक ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली व्यवहारांची वही; इथर हे तिचं नाणं. तिचं मुख्य जाळं, म्हणजे मेननेट, ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. तिथे प्रत्येक व्यवहाराला गॅस, म्हणजे शुल्क, लागतो आणि तो खऱ्या पैशातून जातो. तुमचा पहिलावहिला कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) थेट तिथे चढवून कसं चालेल? म्हणून सरावाला वेगळं जाळं. सेपोलिया त्यातलंच एक. तिथलं इथर फॉसेटवर, म्हणजे सरावाची नाणी वाटणाऱ्या संकेतस्थळावर, फुकट मिळतं.

आता गोची इथे आहे. मेननेट असो वा सेपोलिया, तुमचा पत्ता, म्हणजे खात्याचा क्रमांक, तोच राहतो. शून्य-एक्सने सुरू होणारी तीच लांबलचक ओळ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बिटकॉइनमध्ये निदान पत्त्यावरून ओळखता येतं: मेननेटचा पत्ता १, ३ किंवा ‘बीसी१’ने सुरू होतो, टेस्टनेटचा ‘एम’, ‘एन’, २ किंवा ‘टीबी१’ने. इथेरियममध्ये ती सोय नाही. तिथे बघायचा तो चेन आयडी, म्हणजे जाळ्याचा क्रमांक. मेननेटचा १, सेपोलियाचा १११५५१११. पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचं मेननेट १३७, त्याचं टेस्टनेट अमॉय ८०००२. २०१६ पासून हा आकडा व्यवहाराच्या सहीतच घालायची सोय आहे, म्हणून एका जाळ्यासाठी केलेली अशी सही दुसऱ्यावर चालत नाही.

नेटवर्कचं, म्हणजे जाळ्याचं, नाव मात्र वॉलेटमध्ये (नाणी सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) हाताने लिहिता येतं. मेटामास्क या वॉलेटमध्ये नवं नेटवर्क जोडताना नाव, आरपीसीचा (वॉलेट ज्या सर्व्हरकडून जाळ्याची माहिती घेतं त्याचा) पत्ता, चेन आयडी आणि नाण्याचं चिन्ह हे सगळं आपणच भरतो. नावाच्या जागी मी ‘बालाघाट’ लिहिलं तरी चालेल. कुणी ‘इथेरियम मेननेट’ लिहून आत भलताच आयडी भरला, तर आताशा वॉलेट इशारा देतं. पण घाईत इशारे वाचतो कोण? टेस्टनेटच्या नाण्यासमोर सहसा रुपये-डॉलर दिसत नाहीत, ही खूण चांगली आहे. पण तीही सेटिंगमधून बदलता येते. स्क्रीनशॉट तर पुरावा म्हणून धरूच नका.

फसवणूक यातूनच होते. ‘तुमच्या वॉलेटमध्ये दोन इथर टाकलेत, बघा’ असा मेसेज येतो. उघडून बघितलं तर खरंच दोन दिसतात. मग ‘काढायचे असतील तर आधी कर भरा’. नाणी सेपोलियाची, भरायचे पैसे मात्र खऱ्या खात्यातून. कधी कधी तर आरपीसीच बनावट असतो: आयडी १ सांगतो आणि शिल्लक मनाला येईल ती दाखवतो. तेव्हा वॉलेटवर विसंबू नका. इथेरियमवरचे व्यवहार दाखवणारं इथरस्कॅनचं संकेतस्थळ स्वतः उघडा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. तिथे आपला पत्ता टाका. मेननेटच्या पानावर शिल्लक शून्य असेल, तर विषय संपला. सेपोलियाचं पान वेगळं आहे, त्याच्या पत्त्यातच ‘सेपोलिया’ लिहिलेलं असतं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, उद्यावर ढकलू नका.

गंमत म्हणजे, फुकटातलं इथरही विकलं गेलंय. गोएर्ली नावाच्या टेस्टनेटचं इथर मिळेनासं झालं, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला लोक त्यासाठी खरे पैसे मोजू लागले होते. पुढे ते टेस्टनेटच बंद पडलं. माणसाला टंचाई दिसली की तो बाजार मांडतो, हे मोंढ्याच्या गावात मी काय सांगायचं!

एका विद्यार्थिनीने विचारलं: खरं इथर चुकून सरावाच्या पत्त्यावर आलं तर बुडलं का? नाही. पत्ता तोच, किल्ली (खात्यातले पैसे हलवणारा गुप्त कोड) तीच. नेटवर्क मेननेटला आणलं की दिसेल. पण सरावाची किल्ली आपण जपत नाही. ‘टेस्टचीच तर आहे’ म्हणून कोडमध्ये लिहितो, आणि कोड गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा टाकतो. अशा किल्ल्या हुडकत बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, चोवीस तास फिरत असतात. म्हणून सरावाचं वॉलेट वेगळं ठेवा, त्याचे बारा शब्दही (ज्यांतून वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात) वेगळे. नुसतं दुसरं अकाउंट काढून भागत नाही, कारण शब्द तेच असले तर ते बाहेर पडताच सगळी अकाउंटं उघडी पडतात.