आत्याचा डावा कोपरा

नमस्कार मंडळी. सेंट जोसेफला चीफ्सचं, म्हणजे आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, २०२५चं सरावशिबिर सुरू झालंय, म्हणजे आपला कॅन्सस सिटीचा उन्हाळा आता संपत आला म्हणायचा. तेव्हा आज थोडं फुटबॉलचं बोलू. ज्यांना कंटाळा असेल त्यांनी तेवढ्यात कुकर लावून घ्या.

न्यू ऑर्लिन्सचा तो ९ फेब्रुवारी २०२५चा रविवार आपण कुणी विसरलेलो नाही. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, आपण हरलो ४०-२२. फिलाडेल्फियानं आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या महोम्सला, सहा वेळा आडवा केला. सहा वेळा, आणि तेही जादा माणूस एकदाही न धाडता, नेहमीच्या चौघांच्या जोरावर. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात सगळे विचारत होते, महोम्सला झालं काय? अहो, महोम्सला काय होणार! त्याच्या पुढचे पाच गडी बघा. ऑफेन्सिव्ह लाइन, त्याला सांभाळणारी ती रांग बघा.

हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. सांगतोच.

२०२१ची गोष्ट. आत्या आदल्या वर्षी कराडहून आली आणि साथीमुळे विमानं बंद झाली. ती अडकली, आणि मग राहिलीच. ७ फेब्रुवारीला टँपा बे बकनीअर्सशी सुपर बोल होता. साथीमुळे पाहुणे नाहीत. एका अर्थी बरंच झालं, कारण आपल्या मंडळींत बर्गरच्या बनात वडा घालून त्याला वडापाव म्हणायची जी रीत पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. पाव मिळत नसेल तर नुसता वडा खावा. असो.

तर घरात आम्ही तिघं. आत्या सोफ्याच्या टोकाला बसून लसूण सोलत होती. तिला या खेळातलं ओ की ठो माहीत नाही. पण पोरवयात ती शाळेच्या संघातून कबड्डी खेळलेली, डाव्या कोपऱ्याला. मी आपला बॉलकडे बघतोय आणि ओरडतोय. आत्या शांत. पाच-दहा मिनिटांनी म्हणाली, "त्या कडेच्या दोघांना जागा बदलून उभं केलंय का रे?"

मी म्हटलं, कुठल्या दोघांना?

"ते पोटवाले. बॉलकडे काय बघतोस, त्यांच्या पायांकडे बघ. पाय कुठला मागे घ्यायचा तेच त्यांना कळत नाहीये."

मंडळी, मी चाट! कारण तसंच होतं. लाइनच्या दोन कडांना टॅकल असतात, त्यांच्या आतल्या बाजूला गार्ड. डावा टॅकल एरिक फिशर, त्याची टाच दोनच आठवड्यांपूर्वी बफेलोच्या सामन्यात गेली होती. उजवा मिचेल श्वार्ट्झ पाठ धरून बाहेर. मग उजवीकडच्या माइक रेमर्सला आणलं डावीकडे, आणि आत गार्डला खेळणाऱ्या अँड्र्यू वायलीला ढकललं कडेला. आत्याला यांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिनं फक्त पाय बघितले.

"उजव्या कोपऱ्याची पोरगी डावीकडे उभी केली, की तिचा हात बरोबर पडतो पण पाय उशिरा येतो," ती म्हणाली, आणि पुन्हा लसणाकडे वळली.

त्या रात्री महोम्स जितका पुढे पळाला नसेल तितका मागे पळाला. शेवटच्या सत्रात एकदा तर, मला अजून दिसतं ते, तो पडता पडता हवेत आडवा झाला, पार जमिनीला समांतर, आणि तशात त्यानं बॉल फेकला. गोलच्या पट्ट्यात उभ्या डॅरेल विल्यम्सच्या तोंडावरच्या जाळीवर तो आपटला आणि खाली पडला. हरलो. ३१-९. एकही टचडाउन नाही, म्हणजे बॉल घेऊन त्या पट्ट्यात एकदाही पोचलो नाही. आत्यानं सोललेला लसूण उचलला आणि म्हणाली, "पोरगं गुणी आहे. त्याच्या पुढे माणसं नाहीत."

बाकीचं भराभर सांगतो. त्याच उन्हाळ्यात चीफ्सनी लाइन अख्खी बदलली. जो थूनी, ऑर्लँडो ब्राउन, क्रीड हम्फ्री, आणि ड्राफ्टात, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, थेट सहाव्या फेरीत सापडलेला ट्रे स्मिथ. २०२३च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाशी गाठ पडली. हंगामात ७० सॅक करून, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच ७० वेळा पाडून आलेला संघ तो! त्या दिवशी महोम्सला एकदाही पाडू शकला नाही. ३८-३५, आपण जिंकलो. आणि उजव्या टॅकलला कोण होता? तोच वायली. तोवर ती जागा त्याची झाली होती. म्हणून म्हणतो, माणूस चांगला हवाच, पण जागाही त्याची स्वतःची हवी.

आणि मग २०२४च्या हंगामात, ज्याचा शेवट न्यू ऑर्लिन्सला झाला, आपण काय केलं? थूनी, उत्तम गार्ड, त्याला नेऊन उभा केला डाव्या टॅकलला. पुन्हा तेच. २०२५त तर तो शिकागोला गेला. ट्रे स्मिथशी चार वर्षांचा करार झाला, ते उत्तम. (दुकानात बघा, सगळीकडे महोम्सचे १५ नंबरचेच शर्ट. ट्रेचा ६५ नंबरचा मागितला तर पोरगा कपाटामागे जाऊन शोधतो.) थूनीची मूळची गार्डची जागा किंग्सली सुआमाटायाला दिलीय, आणि तोही मूळचा टॅकल, याची मला धास्ती आहे. पण डाव्या टॅकलला २०२५च्या ड्राफ्टात पहिल्या फेरीत ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतलाय, आणि तो कॉलेजात त्याच जागेवर खेळलेला आहे. त्याच जागेवर!

रविवारी कराडला फोन केला, तेव्हा आत्याला हे सांगितलं. डावा कोपरा मिळाला म्हटलं, फक्त २०२४च्या ऑक्टोबरात त्याचा गुडघा गेला होता.

"कुठला गुडघा?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, डावा.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सरळ धावताना नको बघूस. बाजूला सरकताना बघ, आणि मला कळव."