विरजण, बटाटा आणि तुपाचा थेंब

(दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर. ओट्यावर दुधाचं पातेलं, शेजारी वाटीत विरजण.)

दूध तापवून बराच वेळ झाला. आता करंगळी बुडवून बघायची. चटका बसला तर थांबायचं. बोटाला सोसवेल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण घालून ढवळायचं, झाकण ठेवायचं, आणि मग सकाळपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही. थंडीचे दिवस असतील तर विरजण थोडं जास्त घालायचं आणि पातेलं फडक्यात गुंडाळून ठेवायचं.

ज्या बाईनं कधीकाळी हे पहिल्यांदा केलं असेल, तिला जिवाणू ठाऊक नव्हते. पण ते वाढवायला काय लागतं, ते सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. त्यांना खाणं हवं, ऊब हवी, थोडं बियाणं हवं, आणि मग त्यांना त्यांच्या वाटेनं जाऊ द्यायला हवं.

सूक्ष्मजीवशास्त्राची गोष्ट नेहमी सूक्ष्मदर्शकापासून सांगतात. आपणही तिथे जाऊ. पण मला वाटतं, या शास्त्राचा खरा जन्म जिवाणू दिसले त्या दिवशी झाला नाही. माणसाला ते मनाजोगते वाढवता यायला लागले, तेव्हा झाला. आणि या दोन दिवसांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे.

(दृश्य: डेल्फ्टचे कालवे. मग तळहातावर मावेल एवढी पितळी पट्टी, तिच्यात बसवलेलं इवलंसं भिंग.)

हॉलंडमधलं डेल्फ्ट शहर. आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. तो कधी विद्यापीठात गेला नाही, त्याला लॅटिन येत नव्हतं, म्हणजे त्या काळच्या विद्वानांची भाषाच येत नव्हती. पण भिंगं घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या उपकरणात भिंग एकच, तेही टाचणीच्या डोक्यासारखं, आणि बघायचं तर ते डोळ्याला चिकटवूनच धरायला लागायचं. आज शिल्लक असलेल्या त्याच्या उपकरणांपैकी सर्वांत चांगलं सुमारे 270 पट मोठं दाखवतं.

त्याला एक साधा प्रश्न पडला होता. मिरी जिभेला तिखट का लागते? तिच्या कणांना टोकं असतील का? म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. भिजून आठवडे झाले, आणि 1676 च्या वसंतात त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला, तर आत नुसती गर्दी. हलणारे, वळवळणारे, कल्पनेपेक्षा लहान जीव. त्यानं ते 9 ऑक्टोबरच्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, कळवलं. तिथे पटकन कोणाचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी सोसायटीतल्याच रॉबर्ट हूकनं स्वतः मिरीचं पाणी करून पाहिलं, तेव्हा कुठे मान्य झालं.

इथे जरा थांबू या. मिरीतून पाण्यात अन्न उतरलं होतं, भांडं आठवडेच्या आठवडे न हलवता ठेवलेलं होतं. म्हणजे लेव्हेनहूकनं नकळत विरजणच लावलं होतं. जिवाणू दिसले, कारण ते आधी वाढले होते.

पुढे त्यानं स्वतःच्या दातांवरचं किटण पाहिलं, तिथेही तेच. सकाळी कडकडीत कॉफी प्यायल्यावर मात्र पुढच्या दातांवरचे जीव मेलेले दिसले. उष्णतेनं ते मरतात, हेही त्यानं टिपून ठेवलं. 1723 साली, नव्वदी गाठून, तो गेला. त्याच्यासारखी भिंगं कोणाला जमेनात, आणि जिवाणूंचा विषय तिथेच पडून राहिला.

(दृश्य: हंसाच्या मानेसारखी वळलेली काचेची नळी असलेला चंबू. आत निवळशंख द्रव.)

दीडशे वर्षांनंतरही लोक भांडत होते, की हे जीव नासलेल्या रश्शात आपोआप निर्माण होतात की बाहेरून येतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं 1860 च्या सुमारास त्याचा निकाल लावला. चंबूत द्रव उकळला, चंबूची मान ताणून वाकडी केली. हवा आत जाईल, पण हवेतली धूळ त्या वळणावर अडकेल. द्रव महिनोन्महिने स्वच्छ राहिला. चंबू कलता करून द्रव त्या वळणापर्यंत नेऊन परत आणला, की काही दिवसांत गढूळ. पाश्चरवर बोलावं तितकं थोडं आहे. पण आपल्या गोष्टीपुरतं एवढंच, की विरजण लागल्याशिवाय दही लागत नाही, हे त्यानं युरोपला पटवून दिलं.

पण गढूळ झालेल्या चंबूत कोण कोण आहे, ते कसं सांगणार? द्रवात सगळे एकमेकांत मिसळतात. रोगाचा नेमका जिवाणू पकडायचा तर तो एकटा, निवडून, वेगळा वाढवायला हवा.

(दृश्य: उकडलेल्या बटाट्याची चकती. तिच्यावर पांढरे, पिवळे, लालसर ठिपके.)

हे काम केलं रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं. तो आज पोलंडमध्ये असलेल्या एका छोट्या गावात सरकारी नोकरीत होता. रुग्ण तपासायचे, आणि उरलेल्या वेळात घरातल्या घरात प्रयोग करायचे. गुरांना होणाऱ्या फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जिवाणू वाढवायला त्यानं काय वापरावं? बैलाच्या डोळ्यातलं पाणी. डोळ्याच्या आतला तो द्रव स्वच्छ, पौष्टिक आणि जंतूविरहित. त्या थेंबात जिवाणूंचे लांब धागे वाढताना आणि त्या धाग्यांत बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, टिकाऊ रूपं, तयार होताना त्यानं तासन्‌तास बसून पाहिलं. ते काम 1876 साली प्रसिद्ध झालं. मिरीच्या पाण्याला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षं झाली होती.

मग बटाटा. उकडून कापलेला बटाटा उघडा राहिला, तर त्यावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठतात. कॉखच्या ध्यानात आलं, की एकेका ठिपक्यात एकाच जातीचे जिवाणू आहेत. हवेतून एक जिवाणू पडला, पृष्ठभाग घट्ट असल्यामुळे त्याला कुठे जाता आलं नाही, तो जागच्या जागी वाढत राहिला, आणि त्याच्या लाखो वंशजांचा डोळ्याला दिसेल असा ठिपका झाला. आज आपण त्याला कॉलनी म्हणतो.

अडचण एवढीच, की सगळ्याच जिवाणूंना बटाटा मानवत नाही. म्हणून मांसाच्या रश्श्यात जिलेटिन घालून तो थिजवायचं ठरलं. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला, 37 अंशांना, वितळून जातं, आणि कित्येक जिवाणू तर जिलेटिनच खाऊन टाकतात.

यावर उपाय आला फॅनी हेसे हिच्याकडून. तिचा नवरा वॉल्टर कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत होता, आणि ती त्याला मदत करायची, त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं काढायची. तिच्या पुडिंगा उन्हाळ्यातही वितळत नसत. कारण ती त्यात अगर घालायची. ही युक्ती तिला जावामध्ये राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून कळली होती. अगर म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात तो चायना ग्रास म्हणून मिळतो. वितळायला जवळजवळ उकळत्या पाण्याइतकी आच लागते, आणि एकदा थिजला की 37 अंशांना घट्टच राहतो. बहुतेक जिवाणूंना तो पचवताही येत नाही. आज जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत अगर आहे. कॉखनं 1882 साली क्षयाच्या जिवाणूवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव घेतलं नाही. ते घ्यायला हवं होतं. म्हणून आपण इथे ते दोनदा घेऊ. फॅनी हेसे.

1887 मध्ये त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या पेट्रीनं झाकणाची उथळ काचेची बशी केली, आणि सामान पूर्ण झालं.

(दृश्य: बर्नरच्या ज्योतीत लाल होणारी तारेची लूप. अगरवर ओढलेल्या नागमोडी रेघा.)

कॉलेजात मी पहिल्यांदा अगरच्या प्लेटवर स्ट्रीक केली, म्हणजे तारेच्या लूपनं जिवाणूंच्या रेघा ओढल्या, तेव्हा लूप ज्योतीत लालबुंद केली आणि घाईनं, ती निवायच्या आधीच, जिवाणूंच्या रश्श्यात बुडवली. चुर्र असा आवाज आला. रेघा छान आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. त्या दिवशी मला कढत दुधात घातलेलं विरजण का लागत नाही, ते पुस्तकाशिवाय कळलं.

दुसऱ्या खेपेला मात्र रेघांच्या शेवटी, जिथे जिवाणू विरळ झाले होते, तिथे मोहरीएवढ्या, चकचकीत, गोल कॉलनी उठल्या होत्या.

(दृश्य: एका पेशीचे दोन, दोनांचे चार. पडद्यावर आकडे पळतात.)

जिवाणू वाढतो म्हणजे काय होतं? तो थोडा लांब होतो, त्याच्या डीएनएची दुसरी प्रत तयार होते, मधोमध भिंत पडते, आणि एकाचे दोन होतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय पोटभर खाणं आणि 37 अंशांची ऊब मिळाली, तर साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. एका तासात एकाचे आठ. ऐकायला काहीच नाही. पण हाच हिशेब आठ तास चालला, तर 1 कोटी 67 लाखांच्या वर. क्षयाच्या जिवाणूला मात्र एकदा दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास लागतात. म्हणून त्याच्या कॉलनी दिसायला आठवडे जातात.

एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवण्यासारखी. रस्सा डोळ्याला गढूळ दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण कोटीभर जिवाणू लागतात. त्याच्या आधी, वीस लाख असतानाही, तो स्वच्छच दिसतो. म्हणून भाजी रात्रभर चांगली होती आणि सकाळी अचानक आंबली, असं आपल्याला वाटतं. अचानक काही झालेलं नसतं.

आता परत आपल्या पातेल्याकडे या. विरजण घातल्यावर पहिला काही वेळ काहीच होत नाही. कालच्या आंबट दह्यातून ताज्या दुधात आलेले जिवाणू आधी घडी बसवतात, नव्या अन्नासाठी लागणारी एन्झाइम तयार करतात. याला लॅग फेज, म्हणजे रेंगाळण्याची अवस्था, म्हणतात. मग दुप्पट, पुन्हा दुप्पट, ही लॉग फेज, म्हणजे भराभर वाढीची अवस्था. दुधातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल सोडत राहतात. या घाईत मध्येच झाकण उघडलं, तर आपल्याकडे त्यासाठी खास शब्द आहे: अदमुरं. ना दूध, ना दही. आम्लता वाढत पीएच 4.6 च्या आसपास पोचली की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. पण तेच आम्ल आता जिवाणूंना जड जायला लागतं. जितके नवे होतात तितके मरतात, वाढ थबकते. ही स्थिर अवस्था. दही तसंच दोन-चार दिवस राहू दिलं की आंबट ढाण होतं, आणि आत मरणाऱ्यांची संख्या वाढत जाते. जुन्या दह्याचं विरजण नीट लागत नाही, हे घरोघरी माहीत असतं.

(दृश्य: 1896 ची मुंबई. मांडवीच्या अरुंद गल्ल्या, धान्याची गोदामं.)

सप्टेंबर 1896. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत एका रुग्णाला तपासलं आणि हा प्लेग आहे, हे ओळखलं. ऑक्टोबरमध्ये सरकारच्या बोलावण्यावरून वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. हा ओडेसात जन्मलेला, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, कॉलऱ्याची लस घेऊन आधीच भारतात फिरत असलेला शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

लस करायची तर आधी प्लेगचे जिवाणू ढिगानं वाढवायला हवे होते. हाफकिननं रश्श्याच्या फ्लास्कमध्ये वर तुपाचे थेंब सोडले. होय, तुपाचेच. थेंब पृष्ठभागावर तरंगायचे, आणि त्यांच्या खालच्या बाजूला जिवाणू धरायचे. तिथून वडाच्या पारंब्यांसारखे त्यांचे पांढुरके धागे खाली रश्श्यात उतरायचे. फ्लास्क अजिबात हलता कामा नये. जरा धक्का लागला तर पारंब्या तुटून तळाशी बसायच्या. त्या चांगल्या वाढल्या की मग तो मुद्दाम फ्लास्क हलवायचा. पारंब्या खाली, तुपाचा थेंब मोकळा, पुन्हा नवी वाढ. असे आठवडे गेल्यावर सगळा फ्लास्क 65 ते 70 अंशांना तासभर तापवून जिवाणू मारायचे. मेलेले जिवाणू रोग देत नाहीत, पण शरीराला रोगाची ओळख करून देतात.

10 जानेवारी 1897 रोजी त्यानं ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तिथे लस घ्यायला तयार असलेल्या कैद्यांना टोचलं, आणि त्यांच्यात प्लेग कमी झाला. पण ती लस सगळीकडे पोचायला अजून वेळ होता. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तो रोग झाला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, की मला दर वेळी गलबलतं. मध्ये फक्त दोन महिने आहेत.

(दृश्य: परळ. जुन्या राजभवनाची दगडी इमारत.)

काम वाढलं, आणि 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पण 1902 साली तेव्हाच्या अखंड पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. ठपका हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना तिच्यात बाहेरचे जिवाणू शिरले असावेत, असं पुराव्यावरून दिसत होतं. पण त्याच्यावरचा डाग पुसायला 1907 साल उजाडावं लागलं.

1925 मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. तेव्हा तो भारत सोडून गेलेला होता. आचार्य दोंदे मार्गावर ती संस्था आजही आहे.