काट्यावरचा आकडा

(दृश्य : सकाळ. न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर वजनकाटा. त्यावर चढणारी पावलं.)

काल ६८.४. आज ६९.६.

एका रात्रीत सव्वा किलो? एवढी चरबी रातोरात चढत नाही. एक किलो चरबी साठायला अंदाजे ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. रोजचं जेवण जेवून वर पंचेचाळीस भाकऱ्या, असा तो हिशेब आहे. काल रात्री ताटात पापड-लोणचं होतं, जेवायला उशीर झाला होता. काट्याने जे दाखवलं त्यात बरंचसं मिठाने धरून ठेवलेलं पाणी आहे आणि पोटात अजून पुढे न सरकलेलं अन्न.

उलट्या बाजूनेही हेच घडतं. भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि घरात पेढे वाटायची वेळ येते. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, त्यातल्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपतो, पाणी निघून जातं. पुन्हा जेवायला लागलं की परत येतं.

म्हणून वजन करायचं ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा कडक सपाट फरशीवर ठेवा; सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. पाळीच्या आधी अनेकींचं वजन पाण्याने वाढतं, त्यामुळे त्यांनी महिन्याचा तोच आठवडा पुढच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी जुळवावा.

(दृश्य : स्वयंपाकघर. कढईत पडणारी तेलाची धार.)

आता खाणं. जेवण मोजताना आपण पोळ्या मोजतो, तेल कोणी मोजत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ९१० ग्रॅमच्या पाच पिशव्या लागत असतील, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल झालं. म्हणजे ३४० कॅलरी, दोन भाकऱ्यांएवढ्या, आणि त्या ताटात दिसतही नाहीत.

उपवासाचंच बघा. एका माणसाची साबुदाण्याची खिचडी : कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप तीन छोटे चमचे, अर्धा बटाटा. साडेपाचशे कॅलरी सहज. ५० ग्रॅम पिठाची एक, अशा तीन कोरड्या ज्वारीच्या भाकऱ्यांपेक्षा जास्त. त्यात प्रथिनं थोडी, चोथा नावाला, म्हणून दुपारी चारला पुन्हा भूक. मग वेफर्स. उपवास देवासाठी असेल तर प्रश्नच नाही. वजनासाठी असेल, तर एकदा तराजू काढून कूट मोजावं.

(दृश्य : सारखंच वाढलेली दोन ताटं.)

पण तेच ताट दोघांना सारखं लागू पडत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. निष्कर्ष १९९० साली छापून आले. कोणाचं वजन ४.३ किलोने वाढलं, कोणाचं १३.३ किलोने. भावाभावांतला फरक कमी होता, जोड्याजोड्यांतला कितीतरी जास्त. म्हणजे ‘आमच्या घराण्यातच आहे’ ही निव्वळ सबब नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १६ जणांवर आठ आठवडे असाच प्रयोग झाला. चरबी वाढली ती कोणाची ३६० ग्रॅम, कोणाची सव्वाचार किलो. व्यायाम कोणालाच वाढवू दिला नव्हता. फरक पडला तो उठबस, येरझाऱ्या, चुळबुळ यांत. काहींचं शरीर जास्तीचं अन्न मिळताच नकळत जास्त हलायला लागलं. काहींचं ढिम्म बसून राहिलं.

चालण्याबद्दल मात्र भाबडेपणा नको. ७० किलोचा माणूस अर्धा तास चालला, तर बसून राहण्यापेक्षा नव्वदेक कॅलरी जास्त खर्च होतात. तेलाचे दोन छोटे चमचे. चालून आल्यावर टपरीवर भजी खाल्ली की हिशेब उलटा. चालणं साखरेसाठी, हृदयासाठी, स्नायूंसाठी करायचंच. पण वजन उतरवायचं मुख्य काम ताटातच होतं. आणि थायरॉइडवर गरजेपेक्षा जास्त खापर फुटतं : ते मंदावल्याने वजन वाढतं ते बहुधा थोडेच किलो, त्यातही बरंच मीठ-पाणी.

(दृश्य : शेजारी उभे असलेले दोन पुरुष. दोघांची अंगकाठी जवळपास सारखी.)

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम काय, तर लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. हेही त्यांनी तिथेच लिहून टाकलं.

कारण फक्त लिफ्ट नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने मोजलेली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर ओढतात.

(दृश्य : शिंप्याची टेप.)

काट्यासोबत टेपही हवी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून घ्या; या दोहोंच्या मधोमध, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धरा. पोट आत ओढू नका. सावकाश श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याच्या वर गेलं, की वजन कितीही असो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पँटचा नंबर मात्र माप म्हणून धरू नका. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो, आणि चौतिसाचा नंबर वर्षानुवर्षं चौतीसच राहतो.