म्हापसा की मापुसा?

गोव्यात बसमध्ये कुणी ‘मापुसा, मापुसा’ करत चढला की कंडक्टर ओळखतो, पाहुणा आहे. केपेचं ‘क्वेपेम’ करणाराही तसाच. रोमी लिपीतली पाटी वाचून आलेला माणूस तोंड उघडताच सापडतो. बायबलच्या जुन्या करारात अशीच एक गोष्ट आहे. यार्देन नदीच्या उतारावर पहारेकरी माणसाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. ‘सिब्बोलेथ’ म्हणाला की मेला. 42,000 माणसं अशी मारली गेली, असं तिथे लिहिलंय. आपला कंडक्टर बरा, तिकीट तरी देतो.

अमेरिकी विद्यापीठांच्या ‘इंटरनेट टू’ संघाने 2000 साली ओळख पटवणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करायला घेतलं आणि त्याला हेच नाव ठेवलं, शिब्बोलेथ. समजा, कॉलेजातली एक मुलगी शोधनिबंध वाचायला प्रकाशकाच्या साइटवर जाते. साइट पासवर्ड मागत नाही, ‘तुमची संस्था कोणती?’ एवढंच विचारते आणि तिला कॉलेजच्या लॉगिन पानावर धाडते. पासवर्ड तिथेच पडतो. मग कॉलेज सही करून दाखला देतं, पंचायत रहिवासी दाखला देते तसा. दाखल्याची भाषा सॅमल, तिची 2.0 आवृत्ती 2005ची. फरक इतकाच की या दाखल्यावर नाव नसलं तरी चालतं, ‘आमची विद्यार्थिनी’ पुरे. आपल्याकडे गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र, कॉलेजांसाठी ‘इन्फेड’ ही लॉगिनची सोय चालवतं ते याच शिब्बोलेथवर. कॉलेजातल्या आतल्या दारांसाठी, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या साइट्सवर लॉगिन करायला, येल विद्यापीठात जन्मलेलं ‘कॅस’ आहे, रेड हॅट कंपनीत सुरू झालेलं ‘कीक्लोक’ आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत. सांभाळायला माणूस लागतो, त्याला पडतात.

खरी डोकेदुखी मात्र सॉफ्टवेअरची नसते, नावांची असते. जन्मदाखल्यावर ‘देसाई’ रोमीत दोन एसने, गुणपत्रिकेवर एकाने. नाईकांच्या शेवटी कुठे के, कुठे क्यू-यू-ई. पोर्तुगीज कारकुनाने लिहिलेलं आजोबांचं आडनाव नातवाच्या लॉगिनमध्ये अडकतं. म्हणून मी कॉलेजांना सांगतो, नावावरून ओळखक्रमांक करू नका. निरर्थक आकडा द्या, आणि एकदा दिलेला दुसऱ्या कुणाला कधीही देऊ नका.

एक फजिती सांगतो. ऐन पावसात एका कॉलेजात रात्रभर वीज गेली. सकाळी सर्व्हर उठला, पण त्याचं घड्याळ मागे पडलं होतं. हे दाखले काही मिनिटांपुरतेच खरे असतात, त्यामुळे पलीकडच्या साइटला प्रत्येक दाखला शिळा वाटायचा. आम्ही दुपारपर्यंत पासवर्ड तपासत बसलो. भिंतीवरचं घड्याळ बरोबर चाललं होतं, सर्व्हरच्या घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही.

आणि लेक्चर बेसिसवरचे शिक्षक? वर्ष संपलं की ते जातात, खातं राहतं. ते बंद करायला ऑफिसातून कुणी कळवायचं, हे ठरल्याशिवाय कीक्लोक बसवायला मला बोलावू नका.