राणीची गोधडी

(दृश्य : होनोलुलू, इओलानी राजवाडा. वरच्या मजल्यावरची एक खोली.)

काचेआडची ही गोधडी जरा जवळून पाहा. नऊ चौकोन, रंगीबेरंगी तुकडे, आणि जोडावर बारीक टाके. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे भरलेत. कैदेची नोंदही सुईदोऱ्यानंच केली आहे.

कैदी होती हवाईची राणी लिलिउओकलानी. तुरुंग होता तिचाच राजवाडा, हीच खोली.

अमेरिकेचं पन्नासावं राज्य म्हणून हवाई आपल्याला ठाऊक असतं. ते झालं १९५९ साली. पण खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

१७ जानेवारी १८९३. ऊसमळ्यांवर आणि साखरेच्या व्यापारावर गबर झालेल्या मंडळींनी राणीला पदच्युत केलं. आदल्याच दिवशी ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरून अमेरिकी सैनिक शहरात उतरले होते. रक्तपात नको म्हणून राणीनं निषेध नोंदवून माघार घेतली. अमेरिका न्याय करील, असा तिला भरवसा होता. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी हा अन्याय मान्यही केला. गादी मात्र परत मिळाली नाही.

१८९५ मध्ये तिच्या समर्थकांचा उठाव फसला. उठावाची माहिती लपवल्याचा ठपका ठेवून तिच्यावर खटला चालला, तोही तिच्याच दरबाराच्या दालनात! शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरीची. प्रत्यक्षात तिला सुमारे आठ महिने या खोलीत कोंडलं. त्या दिवसांत या गोधडीचे टाके सुरू झाले.

बाहेर लोक गप्प नव्हते. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या विलीनीकरणाविरुद्ध बेटाबेटांवर फिरून एकवीस हजारांवर सह्या गोळा झाल्या. मूळ हवाईयन तेव्हा जेमतेम चाळीस हजार! म्हणजे घरटी कुणी ना कुणी सही केलीच असणार. त्या कागदांनी विलीनीकरणाचा करार अमेरिकी सिनेटमध्ये अडवला.

पण पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं आणि पॅसिफिकमधला तळ अमेरिकेला हवासा झाला. करारासाठी दोन तृतीयांश मतं लागत. म्हणून साध्या बहुमताचा ठराव आणला आणि काम साधलं. १२ ऑगस्ट १८९८ रोजी याच राजवाड्यासमोर हवाईचा झेंडा उतरला. राणी त्या समारंभाला गेली नाही.

१९९३ मध्ये अमेरिकी संसदेनं ठराव करून माफी मागितली.

सह्यांचे ते कागद वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात पडून होते. १९९० च्या दशकात अभ्यासक नोएनोए सिल्वा यांनी ते लोकांसमोर आणले. मग हवाईतली माणसं त्या पानांवर बोट फिरवत आपल्या पणजीचं, पणजोबांचं नाव शोधू लागली.