दिलगिरी की माफी? चीनला अमेरिका कशी दिसते

नमस्कार मंडळी. आज विषय जरा लांबचा आहे, पण रोज कानावर येणारा आहे. अमेरिका आणि चीन. टॅरिफ, चिप्स, तैवान, काही ना काही चालूच असतं, आणि आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा वॉशिंग्टनच्या बाजूनेच सांगितली जाते, कारण बातम्या तिकडून इंग्रजीत येतात आणि आपण त्या मराठीत करतो. पण तिकडचा एखादा शाळामास्तर, एखादा इंजिनियर, त्याला अमेरिका म्हटलं की काय आठवतं? मी हे गेली बरीच वर्षं आवडीने वाचतोय, आणि मला वाटतं की त्याला धोरणं नंतर आठवतात, आधी आठवतात ते तीन-चार प्रसंग. तेच आज सांगतो.

पहिला प्रसंग एका जहाजाचा. नाव यिनहे, चिनी भाषेत यिनहे म्हणजे आकाशगंगा. १९९३ चा उन्हाळा, हे कंटेनर जहाज माल घेऊन आखाताकडे निघालं होतं आणि अमेरिकेने आरोप केला की ह्यात रासायनिक शस्त्रांसाठी लागणारा कच्चा माल आहे आणि तो इराणला चाललाय. चीन म्हणाला असं काहीही नाही, पण अमेरिकन युद्धनौका मागे लागल्या, वरून विमानं घिरट्या घालायला लागली, बंदरात कोणी घेईना, आणि ते जहाज तीन आठवड्यांहून जास्त भर समुद्रात, त्या आखाताच्या उकाड्यात तसंच थांबून राहिलं, पाणी जपून वापरायची वेळ आली. शेवटी सौदीच्या दम्माम बंदरात अमेरिकन तज्ज्ञांच्या समोर एकेक कंटेनर उघडून झाला. काही सापडलं नाही. आणि अमेरिकेने माफी मागितली नाही, म्हणे आम्हाला मिळालेल्या माहितीवर आम्ही प्रामाणिकपणे वागलो.

चीनमध्ये आजही सांगतात की त्या दिवसांत जहाजाचं जीपीएस बंद पाडलं गेलं होतं. आणि पुढची गोष्ट बघा, चीनने स्वतःची, जीपीएससारखीच उपग्रह यंत्रणा उभी केली, काम सुरू झालं १९९४ मध्ये, २०२० मध्ये ती साऱ्या जगासाठी पूर्ण झाली, आणि तिचं नाव बेइदोउ, म्हणजे आपले सप्तर्षी! फक्त त्या एका जहाजामुळे हे झालं असं मी नाही म्हणणार, कारण १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे बॉम्ब कसे नेमके पडतात ते त्यांच्या सेनेने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. पण तिकडे बेइदोउची गोष्ट सांगताना यिनहेचं नाव निघतंच.

दुसरा प्रसंग बेलग्रेडचा, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या राजधानीचा. ७ मे १९९९ ची रात्र. नाटोचं युगोस्लाव्हियावर बॉम्बिंग चाललं होतं आणि एका अमेरिकन बी-२ विमानाने टाकलेले पाच बॉम्ब थेट चिनी दूतावासावर पडले. तीन पत्रकार गेले, शाओ युनह्वान, आणि शू शिंगहू आणि त्यांची बायको जू यिंग, तरुण जोडपं होतं. अमेरिकेचं म्हणणं की नकाशा जुना होता, आम्हाला दुसऱ्याच सरकारी इमारतीवर बॉम्ब टाकायचे होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी जाहीर माफी मागितली, नंतर मृतांच्या घरच्यांना आणि जखमींना मिळून ४५ लाख डॉलर दिले, इमारतीचे वेगळे २ कोटी ८० लाख दिले. पण चीनमध्ये ह्या चुकीवर विश्वास ठेवणारा माणूस शोधूनही सापडणं अवघड. जगातली सगळ्यात महागडी विमानं असलेल्या देशाकडे नकाशा जुना? हा प्रश्न तिथे तेव्हाही विचारला गेला, आजही विचारतात. बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांनी अमेरिकन दूतावासावर दगडांचा वर्षाव केला, राजदूत आत अडकून पडले होते काही दिवस.

इथे चिनी सरकारचाही हात बघायला हवा. क्लिंटनची माफी तिथल्या सरकारी टीव्हीवर लगेच दाखवलीच नाही, लोकांचा राग रस्त्यावर आला, त्यानंतर दाखवली. म्हणजे दुःख खरंच होतं, पण ते किती वेळ पेटतं ठेवायचं हे वर बसलेल्यांनी ठरवलं, आणि मला वाटतं हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्यातलं एकच धरलं की आपण चुकतो.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे ह्याच देशाला चिनी भाषेत मेइग्वो म्हणतात, अक्षरं बघितली तर सुंदर देश. ज्या छिंगह्वा विद्यापीठात शी जिनपिंग शिकले ते १९११ मध्ये सुरू झालं तेच मुळी बॉक्सर बंडाच्या, म्हणजे १९०० च्या सुमाराला परकीयांविरुद्ध झालेल्या उठावाच्या दंडाच्या पैशातून, जो अमेरिकेने परत केला. २०१९-२० मध्ये अमेरिकेत ३ लाख ७२ हजार चिनी विद्यार्थी होते, सगळ्या देशांत जास्त. २०२३-२४ मध्ये आपल्या मुलांनी त्यांना मागे टाकलं, पण तरी तिकडचे पावणेतीन लाखांवर होतेच. आईबाप पोटाला चिमटा काढून पोराला तिकडे पाठवतात आणि जेवताना त्याच देशाला नावं ठेवतात, हे आपल्याकडच्या घरांनाही काही नवीन नाही.

आता तैवान. ह्यात आपलीही एक आठवण गुंतलेली आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला अमेरिकेचं सातवं आरमार हा शब्द पाठ होता, डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध, एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली तेव्हा घराघरात जी चीड होती ती मी त्यांच्याच तोंडून ऐकलीये. तर हेच सातवं आरमार चिनी माणसाच्या आठवणीत एकवीस वर्षं आधी येतं. जून १९५०, कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी हे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठवलं, आणि माओची सेना तैवानवर उतरायच्या तयारीत होती ती जागच्या जागी थांबली. तेव्हापासून चीनचं म्हणणं एकच, आमच्या घरातला वाटा तुम्ही अडवून धरलाय.

पुढे १९७१ च्या जुलैत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले, १९७२ ला स्वतः राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, १९७९ ला संबंध जुळले, पण कागदावर एक शब्द तसाच अडकून राहिला. चीन म्हणतो तैवान चीनचाच भाग, ह्यावर इंग्रजी मसुद्यात अमेरिका म्हणते आम्ही हे अ‍ॅक्नॉलेज करतो, म्हणजे तुमचं म्हणणं आमच्या कानावर आलंय, दखल घेतली. १९७९ च्या चिनी मसुद्यात तिथे शब्द आहे छंगरन, त्याचा अर्थ मान्य करतो असाही होतो. दखल घेणं आणि मान्य करणं, ज्याने कधी जमिनीचा वाद कोर्टात पाहिलाय त्याला ह्यातलं अंतर मी समजवायची गरज नाही. त्यावर १९८२ ला अमेरिकेने लिहून दिलं की तैवानला शस्त्रं हळूहळू कमी विकू, आणि विक्री आजही चालू आहे. १९९५ ला तैवानचे अध्यक्ष ली तंग-ह्वी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात भाषणाला आले, त्यांना व्हिसा मिळणार नाही असं चीनला आधी सांगितलं होतं आणि नंतर दिला. चीनने क्षेपणास्त्रांच्या चाचण्या केल्या, मार्च १९९६ मध्ये अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवले, आणि चीनला मागे सरकावं लागलं. आज चीनचं नौदल जहाजांच्या संख्येत जगात सगळ्यात मोठं आहे, त्याची मुळं त्या मार्चमध्ये बरीच सापडतात. तेव्हा पॅसिफिकमधल्या अमेरिकन फौजेचे प्रमुख होते अ‍ॅडमिरल जोसेफ प्रुअर, हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

माझा एक आक्षेप आहे आणि तो मी मनापासून मांडतो. आपल्यावर झालेलं इतकं जपून लक्षात ठेवणारा देश शेजाऱ्यांच्या बाबतीत वेगळं वागतो. १९६२ आपण विसरलेलो नाही, जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. दक्षिण चीन समुद्रावर २०१६ ला आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला तर चीनने तो कचऱ्यातला कागद म्हणून उडवून लावला. अमेरिका आम्हाला घेरते ही चीनची तक्रार मला कळते, पण व्हिएतनामच्या हनोईला किंवा फिलिपिन्सच्या मनिलाला घेरल्यासारखं कोणामुळे वाटतं हे बीजिंगमध्ये कोणी मोठ्याने विचारलेलं मला तरी ऐकू येत नाही.

आता शेवटचा प्रसंग, माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलेला. १ एप्रिल २००१, चीनच्या हायनान बेटाजवळ एक अमेरिकन हेरगिरीचं विमान आणि त्याच्या मागावर असलेलं चिनी लढाऊ विमान एकमेकांवर आदळले. चिनी पायलट वांग वेइ समुद्रात पडला, कधीच सापडला नाही. अमेरिकन विमान कसंबसं हायनानवर उतरलं, २४ जण ११ दिवस चीनच्या ताब्यात. चीन म्हणाला माफी मागा. अमेरिका म्हणाली आमची चूकच नाही. मग एक पत्र तयार झालं आणि त्यात दोन ठिकाणी लिहिलं, व्हेरी सॉरी, एकदा वांग वेइच्या घरच्यांसाठी, एकदा परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं आम्ही माफी मागितली नाही, चिनी पेपरांनी खोल खेद असा अर्थ होणारा शब्द छापला आणि लोकांना सांगितलं त्यांनी मागितली. आपल्याकडे दिलगिरी आणि माफी ह्यात जो फरक आहे ना, नेमक्या त्या फटीतून ती २४ माणसं घरी गेली. पत्रावर सही राजदूताची, आणि राजदूत होते तेच जोसेफ प्रुअर.

पण वांग वेइच्या बायकोपोरांना त्या फटीतून काय मिळालं असेल हो?

त्याच्या विमानाचा नंबर म्हणून चीनमध्ये ८११९२ हा आकडा ओळखला जातो. आज इतकी वर्षं झाली, पण १ एप्रिल उजाडला की तिथे मोबाइलवर हजारो लोक, त्यातले कितीतरी २००१ नंतर जन्मलेले, एकच ओळ लिहितात, ८११९२, परत या. आणि खाली कोणीतरी त्याच्या वतीने उत्तर लिहितं, मला आता परतता येणार नाही, तुम्ही पुढे जा.

नमस्कार.