टायटॅनियमचा रवा बारीक करताना

(जालना येथे धातुकामातल्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी ज्यांच्या घराचा स्लॅब पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी टाकलाय, त्यात बहुधा पीळ दिलेली सळई असेल. टोर म्हणायचो आपण तिला. सळई थंड असतानाच पिळायची, की ती आधीपेक्षा कडक व्हायची. लोखंडात नवं काही मिसळलेलं नसायचं. आता इथल्या मिलमधून टीएमटी निघते, तिला ताकद मिळते ती गरम सळईवर पाण्याचा मारा करून. पण माझा आजचा विषय, म्हणजे काही न मिसळता नुसता मार देऊन टायटॅनियमची ताकद वाढवणं, त्याचं मूळ त्या जुन्या पिळात आहे. तांबटही तेच करतो. हंडा मठारला की तांबं कडक होतं, फार मठारलं तर चिरतं, म्हणून मधे भट्टीत लाल करून तो ते पुन्हा मऊ करून घेतो.

टायटॅनियम हाडाशी जुळतं. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली रुग्णाच्या जबड्यात त्याचे खिळे बसवले, तेव्हापासून दात आणि हाडांच्या कामात त्याला मान आहे. पण शुद्ध टायटॅनियम मऊ. त्याच्या ग्रेड २ या प्रतीची कायमचं वाकण्यापूर्वीची हमीची ताकद २७५ मेगापास्कल (हे ताकद मोजायचं एकक). म्हणून त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घालतात. तुटण्याची ताकद ९०० च्या वर जाते. माणसाच्या अंगात तीस वर्षं राहायच्या वस्तूत व्हॅनेडियम टाळता आलं तर टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रेड १ ते ४ हे सगळे ‘शुद्ध’च म्हणवतात, पण त्यांच्यातला मुख्य फरक ऑक्सिजनचा: कमाल ०.१८ टक्क्यांपासून ०.४० पर्यंत. म्हणजे तिथेही ताकद वाढते ती काहीतरी मिसळूनच.

न मिसळता वाढवायची कशी? धातू म्हणजे लहान-लहान रव्यांचा गठ्ठा. एकेक रवा म्हणजे एकेक वावर समजा, आणि अणूंच्या ओळी म्हणजे त्यातले तास. धातू वाकतो तेव्हा या ओळी सरकतात. अख्खी ओळ एकदम सरकत नाही. ओळीतला तुटका दुवा, ज्याला डिस्लोकेशन म्हणतात, तो पुढे-पुढे जातो. धातूला मार दिला की असे दुवे वाढतात आणि नाथषष्ठीला पैठणच्या गल्लीत व्हावं तसे एकमेकांत अडकतात. शिवाय प्रत्येक दुवा रव्याच्या बांधाशी अडतो, कारण शेजारच्या वावरातले तास भलत्याच दिशेला. वावरं लहान तर बांध जास्त. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये हा संबंध मांडला: रवा शंभरपट बारीक केला, तर बांधामुळे येणारा ताकदीचा भाग दहापट होतो.

मग नुसतं लाटत का नाही राहायचं? कारण प्रत्येक फेरीत पट्टी पातळ होते, आणि शेवटी हातात पत्रा उरतो. यावर सेगल यांनी १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात तोड काढली. साच्यात सारख्याच आकाराच्या दोन वाटा काटकोनात जोडायच्या आणि सळई एकीतून दाबून दुसरीतून बाहेर काढायची. वळणावर धातू आतून घुसळून निघतो, पण जाडी तीच राहते. म्हणून तीच सळई पुन्हा घालता येते. टायटॅनियमच्या षट्कोनी रचनेत सरकायच्या वाटा थोड्या, थंड दाबलं तर तडकायची भीती; म्हणून साचा साधारण ४०० ते ४५० अंशांवर ठेवतात. रशियातल्या उफा शहरात व्हलिएव्ह यांच्या गटाने अशी दाबलेली ग्रेड ४ ची सळई पुढे ओढून बारीक केली. रवा मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागावरून सुमारे १५० नॅनोमीटरवर आला (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तुटण्याची ताकद ७०० वरून १२४० मेगापास्कल झाली. म्हणजे एका चौरस मिलिमीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भार, आणि तरीही ती तुटण्याआधी दहा-बारा टक्के ताणली जाते. दाताचा खिळा बारीक करता येतो तो या ताकदीमुळे.

एक गोष्ट मात्र बदलत नाही: ताठपणा, म्हणजे भार आल्यावर धातू किती कमी लवतो ते. कितीही मार द्या, तो १०५ गिगापास्कलच्या (एक गिगा म्हणजे हजार मेगा) आसपासच राहतो, हाडाच्या जवळजवळ पाचपट.

आणि उष्णतेला जपा. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही, लेथवर ती टूलच्या धारेशीच साठते. उघड्या भट्टीत ते ऑक्सिजन ओढून घेतं आणि वरचा थर ठिसूळ होतो. वेल्डिंग केलंत तर त्या पट्ट्यात रवा पुन्हा मोठा होतो आणि मार देऊन कमावलेली सगळी ताकद तिथे निघून जाते. अशा सळईला जोड द्यायचा असेल तर आटे पाडा.